साधन परावलंबी करते म्हणे!

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या घरी एक मत पक्के रुजलेले दिसते, आणि ते बऱ्याचदा शिकल्यासवरल्यांनीच रुजवलेले असते. हातात चित्रफलक किंवा मोबाइल दिला की मूल त्यावर विसंबते, होते तेवढे बोलणेही जाते. त्याला यंत्र नको, माणूस हवा. यामागची माया खरी आहे, निष्कर्ष मात्र टिकत नाही.

आधी बोलण्याचे पाहू. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी 2006 मध्ये तोवरचे अभ्यास तपासले आणि ज्यांचा पुरावा भक्कम होता अशा 27 जणांचे निष्कर्ष वेगळे काढले. चित्रफलक, खुणा अशी साधने मिळाल्यावर त्यांतल्या एकाचेही बोलणे घटले नाही. 89 टक्क्यांचे वाढले, बहुतेकांचे बेताचेच. पण भीती होती ती घटण्याची!

आता परावलंबन. तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीत असा एखादा पंचविशीचा तरुण आहे असे धरू. आई मोरीच्या दाराशी उभी राहून सांगते : पाणी घे, साबण लाव, आता पूस. रोवणीच्या दिवसांत ती बांधीत गेली की आंघोळ राहते. याला स्वावलंबन म्हणायचे? शिवाय जवान मुलाच्या आंघोळीला आईने उभे राहावे, यातला त्याचा संकोच कुणी विचारातही घेत नाही. त्याच मोरीचे, त्याच बादलीचे फोटो क्रमाने भिंतीवर लावले, तर पुढची पायरी तो स्वतः पाहू शकतो. चित्र कंटाळत नाही, खेकसत नाही. जमलेल्या पायरीचे चित्र काढूनही टाकता येते. सांगणाऱ्या माणसाला गप्प बसणे त्याहून अवघड जाते.

‘हे शहरी चोचले’ असेही म्हटले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या 50 प्राधान्य साधनांच्या यादीत चष्म्यासोबत गोळ्यांची कप्पेवाली डबी आणि संवादफलकही आहेत. आयआयटी मुंबईत घडलेले जेलो हे संवादाचे ॲप मोफत आहे, मराठीतही आहे. ती मराठी प्रमाण, आणि या भागातल्या घरांत झाडीबोली. मग साध्या फोनवर आईच्याच आवाजात सूचना भरून ठेवाव्यात.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र मान्य करायला हवे. गळ्यात ठावठिकाणा सांगणारे यंत्र अडकवल्याने घरच्यांचा घोर कमी होतो, पण तेवढ्याने मुलगा एकटा दुकानापर्यंत जाऊ लागत नाही. फोटोंचेही तसेच : रोज सराव करून घेणारे कुणी नसेल तर ते भिंतीवर नुसते पिवळे पडतात. म्हणजे माणूस हवाच, पण शिकवून हळूहळू बाजूला होणारा. असा माणूस आणायचा कुठून? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क 18 व्या वर्षापर्यंत आहे, समग्र शिक्षा योजना बारावीपर्यंत. मोरीतला तो तरुण या दोन्हींच्या पलीकडे गेलेला आहे.