एका सकंटक जीवाश्माची रचना आणि त्याची नावे

शास्त्रीय नावात नाव ठेवणाराचे त्या वस्तूविषयीचे मत सामावलेले असते. पुढे ते मत असिद्ध ठरले तरी नाव काही काळ टिकून राहते आणि संशोधकांच्या दृष्टीला आपल्याच बाजूने वळवीत राहते. या दृष्टीने ‘स्पिनिफेरायटीस रामोसस’ या सूक्ष्म जीवाश्माचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. हा जीवाश्म म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवाची पुटी होय. परंतु हे निश्चित होण्यास सव्वाशे वर्षे लागली.

प्रारंभी समूहनामाविषयी एक खुलासा अवश्य आहे. ‘डायनोफ्लॅजेलेट’ या शब्दातील पूर्वपद ‘गरगर फिरणे, भोवरा’ या अर्थाच्या ग्रीक ‘दिनोस’ शब्दापासून आले आहे, तर उत्तरपद ‘आसूड’ या अर्थाच्या लॅटिन ‘फ्लॅजेलम’पासून. दोन कशाभिकांच्या साहाय्याने हा जीव पाण्यात गिरक्या घेत पुढे सरकतो. ‘डायनोसॉर’मधील पूर्वपद मात्र ‘भयंकर’ या अर्थाच्या ‘देइनोस’पासून आलेले आहे. देवनागरीत दोहोंचे रूप एकच होत असल्यामुळे विद्यार्थ्यांचा घोटाळा होणे स्वाभाविक आहे.

१८३० नंतरच्या दशकात बर्लिनचे क्रिस्टियान गॉटफ्रीड एरेनबेर्ग यांनी क्रिटेशस काळातील चकमकीच्या दगडाचे पातळ कपचे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत त्यांना दोन प्रकारचे अवशेष आढळले. काहींवर पट्टिकांच्या रेषा स्पष्ट होत्या. त्यांना त्यांनी ‘पेरिडिनियम’ या डायनोफ्लॅजेलेट प्रजातीत स्थान दिले. दुसऱ्या प्रकारचे अवशेष गोलसर व काटेरी होते. गोड्या पाण्यातील डेस्मिड शैवलांपैकी ‘झँथिडियम’शी त्यांचे साम्य दिसल्यामुळे ते त्या नावाखाली गेले. त्यांतीलच एका जातीला १८३८ मध्ये ‘झँथिडियम रामोसम’, म्हणजे ‘शाखायुक्त झँथिडियम’, असे नाव मिळाले. एकाच दगडातील, आज एकाच समूहाचे म्हणून ओळखले जाणारे हे अवशेष केवळ काट्यांमुळे परस्परांपासून दूर झाले. खडू व त्यातील चकमक ही समुद्रात साचलेली, तर डेस्मिड गोड्या पाण्यातील, ही विसंगती त्या नावातच होती.

इंग्लंडमधील गिडियन मँटेल यांनी १८५० मध्ये ‘स्पिनिफेरायटीस’, म्हणजे ‘कंटकधारी’, हे नाव सुचविले. त्यात नात्याचा दावा नव्हता; दिसते तेवढेच सांगितले होते. तथापि ते रूढ झाले नाही. १९३३ मध्ये ओटो व्हेट्झेल यांनी ‘हिस्ट्रिकोस्फेरा’ हे नाव दिले. ग्रीक ‘हिस्ट्रिक्स’ म्हणजे साळिंदर व ‘स्फाइरा’ म्हणजे गोल. या नावावरून ‘हिस्ट्रिकोस्फियर’ असा एक वर्गच निर्माण झाला आणि काटे असलेली, परंतु मूळ न उमगलेली अनेकविध सूक्ष्मरूपे त्यात गोळा होत गेली. काहींना ती सागरी प्राण्यांची अंडी वाटत. काटे हेच वर्गाचे लक्षण ठरल्यामुळे त्या काट्यांची मांडणी कशी आहे, हा प्रश्न मागे पडला.

वस्तुतः उत्तर त्या मांडणीतच होते. या पुटीचा मध्यवर्ती पिंड अंडाकृती असून तो सामान्यतः काही दशक मायक्रॉन लांबीचा असतो. भित्ती दुहेरी व सेंद्रिय द्रव्याची असते. हे द्रव्य हायड्रोफ्लोरिक अम्लालाही दाद देत नाही. म्हणूनच खडक विरघळवून पुटी अखंड वेगळी करता येते. पृष्ठभागावर बारीक कंगोरे असून त्यांनी तो बहुकोनी क्षेत्रांत विभागलेला असतो. मध्यभागी मेखलेसारखा पट्टा असतो व त्याची दोन टोके एका पातळीत जुळत नाहीत. काटे कोठेही उगवलेले नसतात. जेथे तीन क्षेत्रांचे कोपरे एकत्र येतात तेथे प्रत्येक मुख्य काटा उभा राहतो. म्हणूनच त्याला तीन शाखा फुटतात आणि प्रत्येक शाखेचे टोक पुन्हा दुभंगते. ‘रामोसस’ या विशेषणाचे मर्म हेच. ही क्षेत्रे म्हणजे सजीवाच्या कवचावरील पट्टिकांचे प्रतिबिंब होय, कारण पुटी कवचाच्या आत तयार होते.

याहून निर्णायक खूण म्हणजे पुटीच्या पाठीकडील बाजूस, मेखलेच्या वर असलेले छिद्र. ते नेमक्या एका पट्टिकेच्या जागी व तिच्याच आकाराचे असते. अमेरिकन संशोधक विल्यम एव्हिट यांनी १९६१ मध्ये अशा छिद्राला ‘आर्किओपाइल’ म्हटले (‘पाइल’ म्हणजे द्वार) आणि सुप्तावस्था संपल्यावर जीव याच वाटेने बाहेर पडतो, असे प्रतिपादन केले. भग्नता समजून ज्याकडे दुर्लक्ष व्हावे, तेच ओळखीचे लक्षण ठरले. ज्या रूपांचे नाते सिद्ध होत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी १९६३ मध्ये ‘ॲक्रिटार्क’, म्हणजे ‘अनिश्चित मूळ असलेले’, ही संज्ञा दिली. अज्ञानाला प्रामाणिक नाव देण्याचे हे उदाहरण परिभाषाकारांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

प्रत्यक्ष पुरावा पुढे त्याच दशकात मिळाला. डेव्हिड वॉल व बॅरी डेल यांनी आधुनिक सागरी गाळातील जिवंत पुट्या प्रयोगशाळेत वाढविल्या, तेव्हा या प्रकारच्या पुट्यांतून ‘गोनिऑलॅक्स स्पिनिफेरा’ गटाचे जीव बाहेर पडले. येथे भाषेचा एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. या सजीवाला १८५९ मध्ये ‘स्पिनिफेरम’ हे विशेषण मिळाले ते त्याच्या कवचावरील काट्यांमुळे. जीवाश्माशी त्याचा संबंध तेव्हा कोणी जोडला नव्हता. एकाच जीवनक्रमाच्या दोन अवस्थांना एकाच लॅटिन शब्दाची नावे स्वतंत्रपणे पडली. १९७० मध्ये विल्यम सार्जंट यांनी ‘स्पिनिफेरायटीस’ या प्रजातीची व्याख्या नव्याने निश्चित केली. अग्रक्रमाच्या नियमानुसार मँटेल यांचे जुने नाव ग्राह्य ठरले व ‘हिस्ट्रिकोस्फेरा’ मागे पडले.

मराठीत ही परिभाषा घडविताना या इतिहासाचा उपयोग व्हावा. ‘आर्किओपाइल’ला ‘छिद्र’ म्हटल्यास त्याचे प्रयोजन लोपते. ‘निर्गमद्वार’ म्हटल्यास ते शब्दातच प्रकट होते. परंतु असा अर्थबोधक शब्द जेथे कार्य सिद्ध झाले आहे तेथेच योजावा. जेथे ते सिद्ध नाही, तेथे दिसते तेवढेच सांगणारा, मँटेल यांच्या शब्दासारखा साधा शब्द अधिक सुरक्षित होय.