कॅसेटवरची आज्ञावली : घरगुती संगणक, लोडर आणि देवघेव

१ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन आमचा जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीने ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक बाजारात आणला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. परंतु आज पन्नाशीत असलेली शिक्षकांची पिढी शाळेत शिकत होती, त्याच काळात संगणक प्रयोगशाळेच्या भिंती ओलांडून घरात आणि शाळेत येऊ लागला, हे त्यावरून ध्यानात येते.

या यंत्रांत हार्ड डिस्क नव्हती. बीबीसी मायक्रोच्या ‘बी’ प्रकारात काम करण्याची स्मृती ३२ किलोबाइट होती आणि वीज गेली की ती कोरी होत असे. कायम टिकणारी होती ती फक्त ‘रॉम’मधील मजकुराची शिदोरी, म्हणजे १६ किलोबाइटची कार्यप्रणाली आणि १६ किलोबाइटची बेसिक भाषा. बाकी सारे दर वेळी बाहेरून आत आणावे लागे. बाहेरून आत आणणाऱ्या छोट्या आज्ञावलीला लोडर म्हणतात. मोठ्या आज्ञावल्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आम्ही येथे लोडरचा आणि त्याच्या देवघेवीचा इतिहास सांगणार आहोत.

आधी कोंबडी की अंडे?

आज्ञावली आत आणायला आज्ञावली लागते, मग पहिली कशी आणायची? केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ या संगणकावर डेव्हिड व्हीलर यांनी १९४९ मध्ये याचे उत्तर दिले. अवघ्या ३१ आज्ञांचा एक संच त्यांनी यंत्रातच कायमचा बसवून ठेवला. कळ दाबली की हा संच स्मृतीत उतरे आणि कागदी फितीवरील पुढची आज्ञावली वाचू लागे. याच गटाने वारंवार लागणाऱ्या उप-आज्ञावल्या छिद्रित फितींवर करून कपाटात लावून ठेवल्या. ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी. म्हणजे लोडर आणि सामायिक संग्रह ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळची अपत्ये आहेत.

दुसरा धागा अमेरिकेतील एमआयटीचा. तेथे १९६० च्या दशकात लुई पूझाँ यांनी ‘रनकॉम’ नावाची सोय केली. रोज त्याच त्या आज्ञा टंकण्याऐवजी त्या एका फाइलीत लिहून ठेवायच्या आणि यंत्राने त्या ओळीने वाचून अमलात आणायच्या. अशा फाइलीला आज ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. वापरणाऱ्याच्या आज्ञा ऐकणाऱ्या आवरणासाठी ‘शेल’ हा शब्दही पूझाँ यांनीच रूढ केला. घरगुती संगणकांत हे दोन्ही धागे एकत्र आले.

आवाजात लपलेले आकडे

फ्लॉपी डिस्कचे यंत्र महाग होते, पण कॅसेट टेपरेकॉर्डर मध्यमवर्गीय घरांत पोचलेला होता. टेपरेकॉर्डरला फक्त आवाज कळतो, म्हणून ० आणि १ या अंकांना दोन वेगळे सूर देण्यात आले. १९७५ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे भरलेल्या बैठकीत यासाठी एक संकेत ठरला. बीबीसी मायक्रोने तोच कल्पनाबंध वेगवान केला. त्यात १२०० हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन म्हणजे ० आणि २४०० हर्ट्झची दोन आवर्तने म्हणजे १. सेकंदाला १२०० बिट. एका बाइटचे ८ बिट आणि सुरुवात-शेवटाच्या खुणांचे २, असे १० बिट धरले तर सेकंदाला जास्तीत जास्त १२० बाइट आत येत. २० किलोबाइटच्या आज्ञावलीला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागे, तो त्यामुळेच.

महाराष्ट्राचा यात थेट वाटा आहे. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ आणला. त्याच्या सुधारित ‘स्पेक्ट्रम प्लस’ची परवान्याने तयार केलेली भारतीय आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ मध्ये ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने बाजारात आणली. या यंत्रात ० साठी सुमारे २०४७ हर्ट्झचे आणि १ साठी सुमारे १०२३ हर्ट्झचे एकेक आवर्तन असे. म्हणजे शून्याला निम्मा वेळ लागे आणि ज्या मजकुरात शून्ये अधिक तो लवकर आत येई.

स्पेक्ट्रमच्या कॅसेटवर बहुधा तीन तुकडे असत. पहिला, बेसिकमधील चार-पाच ओळींचा लोडर. दुसरा, ६,९१२ बाइटचे चित्र, म्हणजे वाट पाहणाऱ्याला पडद्यावर काहीतरी दिसावे. तिसरा, मुख्य आज्ञावली. लोडर स्मृतीत जागा राखून ठेवी, पुढचे दोन तुकडे क्रमाने बोलावी आणि शेवटी सूत्रे मुख्य आज्ञावलीच्या हाती देऊन बाजूला होई. मुंडावळ्या बांधून नवरदेवाला मांडवात आणणाऱ्या करवल्याचेच हे काम.

चूक कशी सापडते?

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. त्या वेगाने २४०० हर्ट्झच्या एका आवर्तनाला फितीवर जागा मिळते फक्त ०.०२ मिलिमीटर. टेपरेकॉर्डरचे हेड किंचित तिरके असले तरी उंच सूर बोथट होतो. गाणे ऐकताना ते जाणवत नाही, पण आज्ञावलीत एक बिट चुकला तरी सारे वाया जाते.

स्पेक्ट्रमने यासाठी साधी युक्ती केली होती. सगळे बाइट एकाखाली एक द्विमान पद्धतीत लिहून प्रत्येक स्तंभातील १ मोजायचे. संख्या विषम आली तर खाली १, सम आली तर ०. हा तपासणी-बाइट शेवटी लिहायचा. समजण्यापुरते तीनच बाइट घेऊ : ७४, ६५ आणि ७६.

७४ = ०१००१०१०
६५ = ०१०००००१
७६ = ०१००११००
तपासणी = ०१०००१११, म्हणजे ७१

आता ६५ ऐवजी ६७ (०१००००११) वाचले गेले तर तपासणी ६९ येते आणि चूक उघडी पडते. पण त्याच वेळी ७४ चेही ७२ (०१००१०००) झाले तर? उत्तर पुन्हा ७१! एकाच स्तंभात दोन चुका झाल्या की त्या एकमेकींना झाकतात. हा प्रयोग आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर करून घ्यावा. कोणत्या चुका सापडतात आणि कोणत्या निसटतात, हे विद्यार्थी स्वतः शोधून काढतील.

बीबीसी मायक्रोची तपासणी याहून कडक होती. मजकुराचे २५६ बाइटचे ठोकळे पाडून प्रत्येकावर नाव, क्रमांक आणि भागाकाराच्या बाकीवर आधारलेली १६ बिटांची तपासणी-संख्या लिहिली जाई. चूक आढळली की यंत्र फीत मागे घ्यायला सांगे आणि तेवढाच ठोकळा पुन्हा वाचे. स्पेक्ट्रमवर मात्र संपूर्ण तुकडा पहिल्यापासून वाचावा लागे.

प्रती काढण्याचे शास्त्रही यातूनच आले. एका टेपरेकॉर्डरवरून दुसऱ्यावर आवाजाची प्रत काढली तर दर पिढीला खरखर वाढते. पण आज्ञावली एकदा संगणकात बिनचूक उतरवून तेथून नव्या फितीवर लिहिली, तर सूर पुन्हा मूळचे होतात. अंकीय प्रत आणि सादृश प्रत यांतील फरक शिकवायला याहून सोपे उदाहरण आम्हांला माहीत नाही.

शाळेतला संगणक आणि ‘बूट’ फाइल

१९८४ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. सुरुवातीला देशातील २५० शाळा निवडल्या गेल्या. पुढे एकूण सुमारे १२,००० बीबीसी मायक्रो राज्य सरकारांमार्फत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना देण्यात आले. म्हणजे संगणकाचे नावच नुकते ऐकलेल्या हजारो शिक्षकांसमोर हे यंत्र एकदम येऊन उभे राहिले.

या यंत्राशी दोन भाषांत बोलता येई. बेसिक ही एक. दुसरी, फुलीसारख्या तारकाचिन्हाने सुरू होणाऱ्या आज्ञांची. या आज्ञा बेसिकला वळसा घालून थेट कार्यप्रणालीकडे जात. त्यांतील ‘एक्झेक’ ही आज्ञा पूझाँ यांच्या रनकॉमची नात म्हणता येईल. फाइलीतील प्रत्येक ओळ जणू कळफलकावर कोणी टंकत आहे अशी ती यंत्राला वाचून दाखवी. फ्लॉपीवर उद्गारचिन्ह लावून ‘बूट’ नावाची फाइल ठेवली आणि शिफ्ट कळ दाबून धरून ब्रेक दाबले, की ती फाइल आपोआप सुरू करता येई. ज्याला यंत्राची माहिती नाही असा शिक्षकही दोन कळांत धडा सुरू करू शके. मात्र कोणीतरी ती चार ओळींची फाइल आधी लिहून दिलेली असायला हवी.

तिची किंमत एका अडचणीवरून कळेल. कॅसेटवर काम करताना बेसिक आज्ञावली स्मृतीतील ३,५८४ व्या स्थानापासून सुरू होई. फ्लॉपीची प्रणाली बसवली की तिला स्वतःला २,८१६ बाइट लागत आणि आज्ञावली ६,४०० पासून सुरू होई. रंगीत चित्रांच्या पडद्याची जागा १२,२८८ पासून पुढे. म्हणजे कॅसेटवर ८,७०४ बाइट मोकळे, फ्लॉपीवर ५,८८८. कॅसेटवर उत्तम चालणारी ७,००० बाइटची आज्ञावली फ्लॉपीवर घेतली की ‘जागा नाही’ म्हणून बंद पडे. यंत्र नादुरुस्त नाही, आज्ञावली चुकीची नाही, तरी धडा मात्र बंद!

यावर उपाय निघाला तो एका ओळीचा. पडदा फक्त अक्षरे दाखवीत असताना त्याला १ किलोबाइट पुरे, तेव्हा आज्ञावली ६,४०० पासून सहज उतरते. मग फ्लॉपीची प्रणाली बाजूला सारायची, आज्ञावली चार-चार बाइटने उचलून ३,५८४ पासून मांडायची आणि चालू करायची. उचलायला सुरुवात खालच्या टोकापासूनच करायची, नाहीतर न हललेल्या भागावरच नवे बाइट पडतील. ही ओळ कार्य-कळीच्या स्मृतीत ठेवता येई. ती जागा ३,५८४ च्या खाली असल्याने हलवाहलवीत लोडर पुसला जात नसे. ही ओळ ब्रिटनमधील मासिकांतून आणि हातोहात पसरली. ज्याला ती मिळाली त्याची फ्लॉपी चालली. न मिळालेल्याला कारणही कळले नसावे.

बियाणे घरचे आणि विकतचे

देवघेव सोपी व्हावी म्हणून नेदरलँड्सच्या ‘हॉबीस्कोप’ या रेडिओ कार्यक्रमाने एक सुरेख कल्पना राबवली. तिचे नाव ‘बेसिकोड’. १००० च्या आतल्या ओळी प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या. शंभराव्या ओळीला हाक मारली की कोणत्याही यंत्राचा पडदा पुसला जाई, कसा ते त्या यंत्राने पाहावे. १००० पासून पुढची आज्ञावली सर्वांना एकच. ती रेडिओवरून सुरांत प्रक्षेपित होई आणि श्रोते ती टेप करून घेत. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या ‘चिप शॉप’ कार्यक्रमानेही हा मार्ग वापरला.

याच्या उलट, व्यापारी कंपन्या आपल्या कॅसेटवर वेगळ्याच वेगाने वाचणारे लोडर बसवू लागल्या. हेतू हा की नेहमीच्या आज्ञेने प्रत निघू नये. त्यामुळे आतली आज्ञावली वाचताही येईना.

जालन्याच्या वाचकाला येथे बियाणे आठवेल. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ स्थापन केली आणि हे गाव संकरित बियाण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. सरळ वाणाचे बी शेतकरी राखून ठेवतो आणि शेजाऱ्याला देतो. संकरिताचे पीक जोमदार, पण पुढच्या पिढीत गुण विखुरतात म्हणून बी दर वर्षी नवे घ्यावे लागते. उघडी बेसिक आज्ञावली सरळ वाणासारखी, कुलूपबंद कॅसेट संकरितासारखी. फरक एवढाच की संकरिताचे बंधन आनुवंशिकतेचे आहे, कॅसेटचे कुलूप माणसाने घातलेले. आज्ञावली लिहिणाऱ्यालाही पोट असते, हे विसरून चालणार नाही. आपल्या प्रताधिकार कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाची आज्ञावली साहित्यकृतींत धरली गेली. १९९४ च्या दुरुस्तीने तिची स्वतंत्र व्याख्या केली आणि रीतसर मिळवणाऱ्याला राखीव प्रत काढण्याची मुभाही दिली.

शिक्षकाच्या दृष्टीने खरा प्रश्न वाचता येण्याचा आणि बदलता येण्याचा आहे. बीबीसी मायक्रोवर ८ गुणिले ८ ठिपक्यांत नवे अक्षर घडवता येई, म्हणजे थोड्या खटपटीने पडद्यावर ‘क’ किंवा ‘ळ’ उमटवता येई. पण ते आज्ञावली उघडी असेल तरच. बंद असेल तर ब्रिटनमधल्या मुलांसाठी लिहिलेला धडा आहे तसाच चालवावा लागे.

अजून वेळ आहे

त्या काळच्या कॅसेटवरील चुंबकीय थर आता चाळिशीला टेकला आहे. कोण्या शाळेच्या कपाटात, कोण्या शिक्षकाच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर ती फेकू नये. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनचे टोक आजच्या संगणकाच्या ध्वनी-प्रवेशाला जोडून, सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने ती नोंदवून घ्यावी. २४०० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनाचे त्यात सुमारे १८ नमुने मिळतात, तेवढे पुरेसे आहेत. एमपी-थ्रीसारख्या आकुंचित स्वरूपात मात्र नोंदवू नये, त्यात लहरींचा आकार बदलतो. अशा नोंदीतून मूळ बाइट काढणाऱ्या आणि जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावल्या आज विनामूल्य मिळतात.

व्यापारी खेळांच्या प्रती जगभर जतन झालेल्या आहेत. एखाद्या शिक्षकाने गुणाकाराच्या सरावासाठी लिहिलेल्या वीस ओळी आणि त्या सुरू करणारी चार ओळींची ‘बूट’ फाइल मात्र जगात त्या एकाच कॅसेटवर किंवा फ्लॉपीवर असू शकते. नोंद करताना वेष्टनावरचे हस्ताक्षर, तारीख आणि वर्गाचे नावही टिपून ठेवावे.