शेल वायू : साठ्याचे अनुमान

शेल या सूक्ष्मकणी गाळाच्या खडकात अडकलेल्या नैसर्गिक वायूपैकी किती वायू बाहेर काढता येईल, याचा अंदाज बांधण्याची प्रक्रिया. यात तीन राशी वेगळ्या ठेवाव्या लागतात : खडकातला एकूण वायू, उपलब्ध तंत्राने काढता येण्याजोगा वायू आणि चालू भावात काढणे परवडेल असा सिद्ध साठा. यांची सरमिसळ हे या विषयातील गोंधळाचे मोठे कारण आहे.

एकूण वायू थराचे क्षेत्रफळ, जाडी, सच्छिद्रता, दाब व तापमान यांवरून काढतात. काही वायू छिद्रांत व भेगांत मोकळा असतो, तर काही सेंद्रिय द्रव्याच्या पृष्ठभागाला चिकटून असतो. हा दुसरा भाग विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यांवर प्रयोगशाळेत मोजतात. शेलमधून वायू जवळजवळ वाहतच नाही. आडव्या विहिरी खोदून पाण्याच्या दाबाने खडक फोडावा लागतो. परिणामी पारंपरिक क्षेत्रांच्या तुलनेत एकूण वायूचा बराच लहान हिस्सा हाती येतो.

अनुमानाचा खरा कस विहिरीच्या आयुष्यभराचे उत्पादन ठरवताना लागतो. शेलची विहीर सुरुवातीला जोरात वाहते आणि बहुधा पहिल्याच वर्षात तिचे उत्पादन निम्म्याहून खाली येते. पुढची घसरण मात्र संथ असते. हा आलेख पुढे वाढवण्यासाठी जे. जे. आर्प्स यांनी 1945 मध्ये मांडलेले सूत्र वापरतात. त्यातील घसरणीचा घातांक 1 किंवा त्याहून अधिक धरला, तर काळ वाढेल तसे एकूण उत्पादन अमर्याद वाढत जाते. मोजक्या महिन्यांच्या नोंदींवरून दशकांचा हिशेब मांडताना हा धोका मोठा असतो, म्हणून शेवटच्या टप्प्यासाठी ठरावीक वार्षिक घट गृहीत धरतात. शिवाय कंपन्या उत्तम पट्टे आधी खोदतात. तिथली सरासरी संपूर्ण थराला लावली की आकडा फुगतो.

अमेरिकेतील मार्सेलस शेलचे उदाहरण बोलके आहे. तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 2002 मध्ये त्यात सुमारे 2 लाख कोटी घनफूट वायू काढता येईल असे म्हटले होते. आडव्या विहिरींचा अनुभव आल्यावर 2011 मध्ये तिनेच 84 लाख कोटींचे अनुमान दिले, तेही 43 ते 144 अशा संभाव्य पल्ल्यासह. त्याच वर्षी अमेरिकेच्याच ऊर्जा माहिती प्रशासनाने 410 लाख कोटींचा आकडा धरला होता. पुढच्या वर्षी तो 141 वर आणला. भूगर्भ तोच होता, बदलल्या त्या विहिरींच्या नोंदी आणि गृहीतके. म्हणून पल्ला न सांगता दिलेला एकच आकडा अपुरा मानावा.

शेल वायूच्या विहिरीच नसतील तिथे अनिश्चितता आणखी वाढते. पोलंडसाठी ऊर्जा माहिती प्रशासनाने 2011 मध्ये 187 लाख कोटी घनफुटांचे अनुमान केले होते. जुन्या विहिरींच्या नोंदी तपासून पोलंडच्या भूवैज्ञानिक संस्थेने 2012 मध्ये काढता येण्याजोग्या वायूचा सर्वांत शक्य वाटणारा पल्ला सुमारे 12 ते 27 लाख कोटी इतकाच ठरवला. त्यानंतरच्या चाचणी विहिरींतून परवडण्याजोगे उत्पादन मिळाले नाही आणि मोठ्या परदेशी कंपन्या तिथून बाहेर पडल्या.