मुकुंदवाडी : भूरचना व हवामान

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पूर्व भागातील वस्ती. जालना रस्ता आणि मनमाड–काचीगुडा लोहमार्ग यांच्या पट्ट्यातले हे मूळचे खेडे. सिडकोच्या वसाहती आणि चिकलठाण्याचे कारखाने वाढत गेले तसे ते शहरात मिसळून गेले. स्थान सुमारे १९° ५२′ उत्तर अक्षांश. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ५७० ते ५८० मी. चिकलठाणा विमानतळ पूर्वेला जवळच असल्याने तेथील वेधशाळेच्या नोंदी या भागाला जवळपास जशाच्या तशा लागू पडतात.

शहर दोन डोंगररांगांमधल्या रुंद, उथळ दरीत आहे. उत्तरेला अजिंठ्याच्या रांगेचे फाटे, दक्षिणेला सातारा डोंगर. दोन्हीकडचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. पूर्व-पश्चिम दिशांना दरी मोकळी असल्याने वाऱ्याला फारसा अडसर नाही. मुकुंदवाडीची जमीन जवळजवळ सपाट असून तिचा मंद उतार पूर्वेकडे सुखना नदीच्या दिशेने आहे. शहराच्या पश्चिम अंगाने खाम नदी वाहते. दोन्ही नद्या उत्तरेच्या डोंगरांतून निघून गोदावरीच्या खोऱ्यात जातात आणि मूळच्या हंगामी आहेत. पावसाळा सरला की त्यांच्या पात्रांत उरते ते बहुतांशी सांडपाणी.

डोंगरांच्या पायऱ्यांचे कारण खडकात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा पुनःपुन्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. येथे विहीर खणली तर हा इतिहास उलट क्रमाने उलगडतो. वर माती, खाली मुरूम, मग पोकळ्या असलेला मऊसर मांजऱ्या खडक आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा थर लागतो. एक प्रवाह थंड झाल्यावर आणि दुसरा येण्यापूर्वी मधल्या काळात खडक झिजला, त्याची ही खूण. मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक सापडतात. बोअर घेताना वर येणाऱ्या भुकटीचा रंग बदलला की थर बदलला, हे यंत्रावरचा माणूस पाहताक्षणी ओळखतो. पाणी मिळते ते मुरमात, झिजलेल्या थरात किंवा फटींत. अखंड पाषाणात ते साठत नाही. त्यामुळे एका बोअरला भरपूर पाणी आणि हाकेच्या अंतरावरचा बोअर कोरडा, असे सर्रास घडते.

बेसाल्टची माती कशी होते, हे हवामानावरही ठरते. उत्तरेकडच्या थंड आइसलँडची जमीनही मुख्यतः बेसाल्टचीच आहे. मात्र तेथील सर्वांत जुना खडक सुमारे १.६ कोटी वर्षांचा आहे, ज्वालामुखी अजून जागे आहेत आणि देशाचा सुमारे एक दशांश भाग हिमनद्यांखाली आहे. थंडीत खडकाचे रासायनिक विघटन मंद चालते. मराठवाड्यात ऊन आणि पाऊस यांनी आलटूनपालटून काम केले व त्याच खडकाची कापसाची काळी माती झाली. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. तिच्यावर थेट पाया घातला तर भिंतींना तडे जातात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावेच लागते.

हवामान उष्ण व निमकोरडे आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर बरेचसे रिते होऊन येथे पोहोचतात. महाबळेश्वरला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर येथे वार्षिक सरासरी ७०० मिमी.च्या आसपास. त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तोही सलग नव्हे. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे इथवर सरकले नाहीत तर ऑगस्टमध्येही लांबलचक उघडीप पडते. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या आठवणीत पक्का आहे. २०१२ आणि २०१५ ही वर्षेही तशीच कोरडी गेली. अवकाळीचा तडाखा वेगळाच: फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने मराठवाड्यातील उभी रब्बी पिके झोपवली.

मे महिन्यात कमाल तापमान सरासरी ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. दुपारची हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चांगला गारवा देतो. जुलैच्या दमट हवेत तोच कूलर निरुपयोगी ठरतो. ऑगस्टमधील आणि डिसेंबरमधील दुपारच्या तापमानांत फार फरक नसतो, दोन्ही २९ अंशांच्या आगेमागे. फरक पडतो तो रात्री. हिवाळ्यात निरभ्र आकाशाखाली जमीन झपाट्याने निवते आणि पारा ११-१२ अंशांपर्यंत उतरतो. उत्तरेकडून थंडीची लाट आली की १० अंशांच्याही खाली.

या खडकाने आणि पावसाने पाण्याची सोय नेहमीच अवघड केली. सतराव्या शतकात मलिक अंबरने नहरींतून उत्तरेच्या डोंगरांतील पाणी जुन्या शहरात आणले, तेही केवळ उताराच्या बळावर. आजचे शहर दक्षिणेला सुमारे ५० किमी.वरील पैठणच्या जायकवाडी धरणावर अवलंबून आहे. १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मी. मुकुंदवाडी तिच्याहून १०० मी.पेक्षा अधिक उंच असल्याने पाणी पंपांनी चढवावे लागते. पूर्वी मुरमात जिरणारे पावसाचे पाणी सिमेंटचे रस्ते आणि फरशी केलेली अंगणे यांवरून आता थेट नाल्यात जाते. त्यामुळे जोराच्या सरीनंतर सखल गल्ल्या तुंबतात आणि उन्हाळ्यात त्याच भागातले बोअर आटतात.