कारंजें येथील लोहमार्ग-स्थानक

वाशीम जिल्ह्यांतील कारंजें (लाड) हें गांव संशोधकांस दोन कारणांनीं परिचित आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचें तें जन्मस्थान, आणि जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांचें तें ठिकाण. तेथील पोथ्यांची नोंद रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचींत आली. पुढें १९३१ त पुष्पदंताचें ‘जसहरचरिउ’ कारंजा जैन ग्रंथमालेंत छापून निघालें. याच गांवाच्या तिसऱ्या, अलीकडच्या अवशेषाचा, म्हणजे तेथील लोहमार्ग-स्थानकाचा, विचार येथें करावयाचा आहे.

आगगाडीपूर्वीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून दूर मिर्झापुरापर्यंत जात असे. १८५३ त निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला आणि १८६७ त ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी नागपुरास पोहोंचली. हा मार्ग मूर्तिजापुरावरून गेल्यामुळें कारंज्याची जुनी पेठ बाजूस राहिली. ती उणीव १९१० त स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनें भरून काढली. किलिक निक्सन ही तिची चालक पेढी. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरांचा फांटा कारंज्यावरून जाई. रुळांतील अंतर अवघें अडीच फूट असल्यानें मूर्तिजापुरास प्रत्येक गासडी एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावी लागे. हा दोष मूळचाच होता. मालमोटारी पेठेंतून थेट निघूं लागल्यावर तो अधिक जाणवला असला पाहिजे.

मार्ग कंपनीचा आणि गाडी चालविणारे दुसरे, अशी ही व्यवस्था होती. १९५१ त पेनिन्सुला रेल्वे मध्य रेल्वेंत विलीन झाली, तरी या फांट्याची मालकी खाजगीच राहिली. १९२१ त मँचेस्टरास घडलेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत येथें चाललें. लोक या गाडीस ‘शकुंतला’ म्हणत. डिझेल इंजिन आल्यानंतर कांहीं वर्षें ती धांवली. पुढें तीही थांबली आणि स्थानक ओस पडलें.

पोथी जुनी म्हणून जपली जाते. बिल्टी, तिकीट, वेळापत्रक हीं रद्दींत जातात. परंतु कोणता माल, कोणाच्या नांवें, किती भाड्यानें गेला हें याच कागदांवरून कळावयाचें. व्यापाऱ्यांच्या मोडी वह्यांशीं ते ताडून पाहिल्यास वऱ्हाडच्या कापूसव्यापाराचा एक दुवा हातीं येईल. संग्राहकांनीं कारंज्यास पोथ्या पाहतांना जुन्या पेढ्यांतील हे कागदही मागून पाहावेत, आणि मिळतील त्यांच्या नकला वेळींच उतरून घ्याव्यात.