पायधुनी आणि उमरखाडी : मुंबईच्या भरावाची शब्दसाक्ष

मुंबईची सात बेटे भराव घालून एक झाली, हे सर्वश्रुत आहे. वरळीची खिंड बुजविणारा बांध गव्हर्नर हॉर्नबी यांच्या काळात, सुमारे १७८४ साली पुरा झाला. त्याच्या ‘वेलार्ड’ या इंग्रजी नावाचे मूळ पोर्तुगीज असून त्याचा अर्थ कुंपण अथवा बांध असा होतो. मराठी नावे मात्र बांधाची नव्हे, पाण्याची स्मृती राखतात. खाडी ओलांडून येणारे लोक जेथे पाय धूत, ती पायधुनी. उंबराजवळची खाडी ती उमरखाडी. आज तेथे खाडी नाही. तथापि शहराच्या भरावाच्या सखल भागांत पावसाळी पाणी अद्यापि तुंबते. म्हणून अशी नावे पुसणे म्हणजे नगररचनाकाराच्या हातचा पुरावाच नष्ट करणे होय.