गारोनच्या तीरावरून गोदातीरी

१/ आंत्र-द्यू-मेर हा फ्रान्समधील गारोन व दोर्दोन्य या नद्यांमधला प्रदेश. तेथे सोव्हिन्यों ब्लां, सेमियों इत्यादी द्राक्षांच्या मिश्रणातून कोरडी पांढरी वाइन सिद्ध होते. १९३७ पासून तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे.

२/ यांपैकी सोव्हिन्यों ब्लां हा वाण राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये नाशिकजवळ लावला. २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन आली.

३/ कसोटी हवामानाची होती. फ्रान्सच्या हिवाळ्यात वेल निद्रिस्त होते. नाशिकला ती झोपतच नाही. म्हणून येथे छाटणी दोनदा : उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. फ्रान्समधील तोडणी शरदाच्या तोंडावर, येथली हिवाळ्याअखेर.

४/ खाण्याच्या द्राक्षांवर शेतकऱ्यांनी रुळवलेल्या या दुहेरी छाटणीनेच परका वाण तगला. आज ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावालाही भौगोलिक मानांकन आहे.